माजी सैनिकांची वैद्यकीय फाईल मोबाईलवर: आधी कागद, मग अ‍ॅप

कोकणात कागद टिकवणं कठीण. पाऊस लागला की माळ्यावरच्या ट्रंकेतल्या फायलींना ओल चढते, कसर लागते, एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात. जुलै 2021 च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतलं सगळं चिखलात गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातली छपरं उडवली. सातबारा पुन्हा काढता येतो, रेशनकार्डही मिळतं. पण सैन्यातून निवृत्त होताना झालेल्या मेडिकल बोर्डाचा कागद गेला तर तो परत मिळवायला पत्रव्यवहारात महिने जातात, आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचं प्रकरण चालू असेल तर तेही तोवर अडकून पडतं.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या तिन्ही जिल्ह्यांत पलटणीची परंपरा जुनी. दापोलीला अजून कॅम्प दापोली म्हणतात. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले होते. आजही खेड, महाड, पोलादपूर, संगमेश्वर, सावंतवाडीकडच्या वाड्यांमध्ये लष्करातून आणि नौदलातून आलेली माणसं आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि गणपतीला मुंबईहून घरी येणाऱ्या त्यांच्या मुला-नातवंडांसाठीही. सुट्टीतला एक दिवस बाबांच्या फाईलसाठी काढलात तर यातलं बहुतेक काम उरकेल.

फाईल एक नाही, तीन आहेत

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे आणि त्या खात्याची स्वतःची इस्पितळं आहेत. म्हणून तिथल्या माजी सैनिकाला 2010 पासून संकेतस्थळावरचं निळं बटण दाबून आपली नोंद उतरवून घेता येते, आणि 2019 पासून ती आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्येही येते. आपल्याकडे तुमच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात. नोकरीत असतानाच्या नोंदी तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या आणि लष्करी इस्पितळांच्या ताब्यात. निवृत्तीनंतरच्या नोंदी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकात आणि त्यांनी पाठवलेल्या पॅनेलवरच्या इस्पितळात. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे. आणि तिसरा गठ्ठा म्हणजे गावातल्या डॉक्टरचे, सरकारी दवाखान्याचे, चिपळूण-कुडाळ-कोल्हापूरच्या खाजगी इस्पितळांचे आणि लॅबचे कागद.

यावर केंद्र सरकारने काढलेली सोय म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. देशभर ती 27 सप्टेंबर 2021 ला सुरू झाली. तिच्यात प्रत्येकाला 14 आकडी आभा क्रमांक मिळतो आणि आभा अ‍ॅपमध्ये वेगवेगळ्या इस्पितळांतल्या नोंदी एकत्र पाहता येतात. पण जी इस्पितळं या व्यवस्थेला जोडलेली आहेत त्यांच्याच, आणि संगणकावर चढलेल्याच नोंदी तिथे येतात. 1998 साली फील्ड हॉस्पिटलमध्ये गुडघ्यावर झालेली शस्त्रक्रिया तिथे आपोआप उगवणार नाही. त्यामुळे माझं ठाम मत असं की अ‍ॅप उतरवण्याआधी ट्रंक उघडावी.

कागद निवडणे

सगळं स्कॅन करायला बसाल तर दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. दहा वर्षांपूर्वीच्या साखरेच्या तपासण्यांना आज फारशी किंमत नाही. अलीकडच्या तीन-चार पुरेत. पुढचे कागद मात्र सुटता कामा नयेत.

सर्वांत आधी रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-16 हा फॉर्म. तुमची शेप वर्गवारी, म्हणजे शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दर्जा, काय होती, कोणता आजार नोंदला, तो नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला असं बोर्डाने मानलं की नाही, टक्केवारी किती लावली, हे सगळं त्यात असतं. त्याचं प्रत्येक पान स्कॅन करा. हाताने लिहिलेले शेरे आणि सह्या असलेली पानं तर दोनदा तपासा, कारण अपिलात बहुधा त्यांवरच बोट ठेवलं जातं. नोकरीत मध्ये कधी मेडिकल बोर्ड झालं असेल तर तेही कागद यासोबतच ठेवा.

मग प्रत्येक भरतीची डिस्चार्ज समरी, ऑपरेशनच्या नोंदी, बायॉप्सीचा रिपोर्ट, अँजिओग्राफी आणि टू-डी इको. शरीरात स्टेंट, पेसमेकर, सळई किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर त्यासोबत मिळालेलं छोटं कार्ड. एमआरआय करण्याआधी ते हमखास विचारतात आणि नेमकं तेच घरी सापडत नाही. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी कुठे लिहिलेली असेल तर तो कागद. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, हे वैद्यकीय कागद नव्हेत, तरी हात लागलेच आहेत तर तेही घ्या.

मेडिकल बोर्डाचा कागद सापडतच नसेल तर स्वस्थ बसू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे आणि हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. सेवा क्रमांक, हुद्दा, निवृत्तीची तारीख आणि पीपीओ क्रमांक घालून प्रतीसाठी साधा अर्ज करा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. अर्ज लिहायला अडचण असेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

खाजगी इस्पितळाकडे प्रत मागायलाही संकोच करू नका. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत प्रत द्यावी लागते. लेखी मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. 3 वर्षांची मुदत लक्षात घेता मागच्या एक-दोन वर्षांतल्या भरतीचे कागद आधी मिळवा. यापुढे ईसीएचएसच्या रेफरलवर भरती झालात तर आपली प्रत घरी निघायच्या दिवशीच मागून घ्या, कारण कागद बिलासोबत पुढे जातात आणि नंतर त्यांच्यामागे फिरावं लागतं.

स्कॅन करणे

नुसता फोटो काढू नका, स्कॅन करा. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हमध्ये अधिकच्या चिन्हाजवळ स्कॅनची सोय असते. आयफोनवर नोट्समध्ये आहे. अ‍ॅप कागदाच्या कडा ओळखून सरळ पान करतं आणि अनेक पानांची एकच पीडीएफ बनवतं. सकाळी पडवीत बसून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काम करा. ओलसर कागद आधी पंख्याखाली सुकवा. चिकटलेली पानं ओढून वेगळी केलीत तर अक्षरं निघून जातात.

ईसीजीच्या पट्ट्या, सोनोग्राफीची छोटी चित्रं, मेडिकल स्टोअरच्या पावत्या थर्मल कागदावर असतात आणि काही वर्षांत कोऱ्या पडतात. त्यांना पहिला नंबर द्या. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरून किंवा लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यापुढे धरून टिपता येते, पण डॉक्टरला लागतो तो त्याचा लेखी रिपोर्ट. सीटी आणि एमआरआयच्या सीडी मुंबईला मुलाकडे पाठवून पेन ड्राइव्हवर घ्या; सीडीलाही बुरशी लागते.

फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग विषय: '2019-03 अँजिओग्राफी', '2004-08 रिलीज मेडिकल बोर्ड'. असं नाव दिलं की फोन आपोआप सगळं कालक्रमाने लावतो. 'स्कॅन 1', 'स्कॅन 2' अशी नावं ठेवलीत तर ओपीडीत डॉक्टरसमोर बसून शोधत राहाल.

या पीडीएफ तीन ठिकाणी हव्यात. एक फोनच्या स्वतःच्या मेमरीत, कारण घाटात किंवा वादळानंतर टॉवर बंद असताना इंटरनेटवरचं काही उघडत नाही. दुसरी डिजिलॉकरमध्ये; तिथे आपले कागद चढवता येतात, एक फाईल 10 एमबीपर्यंत आणि सगळ्या मिळून 1 जीबी. तिसरी गावाबाहेर राहणाऱ्या मुला-मुलीकडे पेन ड्राइव्हवर. आणि मूळ कागद टाकून देऊ नका. बिलाच्या परताव्याला आणि अपिलाला मूळ प्रतच मागतात. प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात घालून माडीवर ठेवा.

आधारचा मोबाईल नंबर

आभा काढताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर असतो बंद पडलेला किंवा मुंबईच्या मुलाचा. पोस्टमनमार्फत इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक घरी येऊन आधारमधला मोबाईल नंबर बदलून देते. जवळच्या टपाल कार्यालयात चौकशी करा. आधार केंद्रावरही होतं. नंबर स्वतःचा आणि कायम चालू राहील असाच द्या.

त्याच वेळी नाव आणि जन्मवर्ष पाहून घ्या. इस्पितळातली नोंद आभाशी जुळवताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल नंबर तपासले जातात. डिस्चार्ज बुकात आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा शाळेत घातलेली 1 जून ही तारीख एका कागदावर आणि खरी दुसऱ्यावर, असा फरक आपल्याकडे घरोघरी आहे. सेवेच्या नोंदी आणि आधार यांत फरक असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडे चौकशी करा आणि मग काय बदलायचं ते ठरवा. निवृत्तिवेतन ज्या नावाने येतं ते घाईने हलवू नये.

आभा काढणे

प्ले स्टोअरवर किंवा अ‍ॅप स्टोअरवर 'आभा' शोधा. प्रकाशक म्हणून नॅशनल हेल्थ अथॉरिटीचं नाव आहे ना, ते बघूनच उतरवा. उघडल्यावर नवीन आभा क्रमांक काढण्याचा पर्याय निवडा, आधार क्रमांक घाला, संमतीच्या चौकटीत खूण करा, आलेला ओटीपी टाका. पुढे संपर्कासाठी मोबाईल नंबर विचारतात. तो रोज वापरातला द्या. मग 14 आकडी क्रमांक मिळतो आणि आभा अ‍ॅड्रेस निवडायला सांगतात. तुमच्या आवडीचं नाव आणि पुढे 'अ‍ॅट एबीडीएम' असं त्याचं रूप असतं. लक्षात राहील असं नाव घ्या, पण त्यात सेवा क्रमांक किंवा जन्मतारीख घालू नका, कारण हा पत्ता प्रत्येक काउंटरवर सांगायचा असतो. आभा कार्ड उतरवून फोनमध्ये ठेवा.

स्मार्टफोन झेपत नसेल तर या व्यवस्थेला जोडलेल्या सरकारी दवाखान्यातही आभा काढून मिळतं. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि ते सक्तीचं नाही. एक गल्लत सतत होते म्हणून स्पष्ट लिहितो: आभा म्हणजे 5 लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड नव्हे, आणि ते ईसीएचएस कार्डाच्या जागीही चालत नाही. पॉलिक्लिनिकात उपचार मिळतात ते ईसीएचएस कार्डावर. आभाचं काम नोंदी एकत्र आणण्याचं.

इस्पितळं जोडणे

अ‍ॅपमध्ये इस्पितळ जोडण्याचा पर्याय असतो. आवृत्तीनुसार बटणाची जागा बदलते, पण 'लिंक' हा शब्द शोधा. इस्पितळाचं नाव घाला, मिळालं तर निवडा, तुमच्या नोंदी सापडल्या की ओटीपीने खात्री करा. नाव यादीत नसेल तर ते इस्पितळ जोडलेलं नाही, आणि मग तुमची पीडीएफच कामाची. नाव आहे पण नोंद सापडत नसेल तर बहुधा केसपेपर काढताना दुसरा मोबाईल नंबर दिलेला असतो. तिथल्या काउंटरवर आभा क्रमांक सांगून तो आपल्या केसपेपरशी जोडून घ्या. हीच विचारणा आपल्या पॉलिक्लिनिकातही जरूर करा.

पुढच्या भेटीसाठी सोपा मार्ग म्हणजे केसपेपरच्या खिडकीजवळ लावलेला क्यूआर कोड. आभा अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता काउंटरवर जातो आणि टोकन मिळतं. रांगेत उभं राहून स्पेलिंग सांगण्याचा त्रास वाचतो. पण त्याहून मोठा फायदा असा की माहिती आधारवरूनच गेल्यामुळे नोंदी पुढे बिनचूक जुळतात.

परवानगी कोणाला आणि किती

तुमच्या नोंदी सरकारच्या एखाद्या मध्यवर्ती कोठारात भरून ठेवलेल्या नसतात. त्या जिथे तयार झाल्या त्या इस्पितळातच राहतात आणि तुम्ही परवानगी दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. डॉक्टरने मागणी केली की अ‍ॅपमध्ये सूचना येते: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि परवानगी किती दिवस चालेल. हे सगळं बदलता येतं. आलेली मागणी जशीच्या तशी मान्य करू नका. डोळ्याच्या डॉक्टरला दोन वर्षांच्या नोंदी पुरत असतील तर दोनच वर्षं द्या, मुदत आठवड्याची ठेवा. परवानगी नंतर मागेही घेता येते, तरी देतानाच नेमकी द्यावी.

सीमेवर, बर्फात, बंडखोरीच्या भागात वर्षं काढलेल्या अनेकांनी झोपेसाठी, मनाच्या ताणासाठी, दारू सोडण्यासाठी उपचार घेतलेले असतात. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. पण ते कोणाला सांगायचं हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. गुडघा दाखवायला गेलात तर त्या नोंदी द्यायची गरज नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला मात्र चालू गोळ्या सगळ्या सांगा, मनाच्याही. तिथे लपवणं जिवावर बेतू शकतं.

घाट बंद असताना

संरक्षण मंत्रालयाची सेहत ओपीडी ही दूरध्वनी-व्हिडिओवरून सल्ल्याची सेवा 27 मे 2021 ला सुरू झाली. नोकरीतल्या सैनिकांप्रमाणे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही ती मिळते. दरड कोसळून रस्ता बंद असतो, पॉलिक्लिनिक लांब असतं, आणि ताप किंवा वाढलेल्या रक्तदाबासाठी सल्ला हवा असतो, तेव्हा तिचा उपयोग होतो. नोंदणी कोरड्या दिवसांत करून ठेवा. पावसात नेटवर्कची खात्री नसते. सल्ला संपला की ई-प्रिस्क्रिप्शन लगेच उतरवून वरच्याच पद्धतीने नाव देऊन ठेवा.

तातडीचं एक पान

इतकं सगळं केल्यावरही बेशुद्ध माणसाचा फोन कोण उघडणार? म्हणून एका पानावर लिहा: नाव, रक्तगट, मोठे आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्यांची मूळ नावं आणि मात्रा, ईसीएचएस कार्डाचा क्रमांक, दोन नातेवाइकांचे नंबर. फोनमधल्या आपत्कालीन माहितीच्या जागेत हेच भरा. कुलूप न उघडताही ते दिसतं. छापील प्रत पाकिटात आणि दुसरी घराच्या दाराआड लावा.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती सर्वांत वर, ठळक लिहा. आपल्याकडे कातळावर, काजूच्या बागेत, गवत कापताना फुरसं चावतं, आणि त्याचं विष रक्त गोठण्याच्या क्रियेवरच घाला घालतं. रुग्ण आधीच अशी गोळी घेतो हे डॉक्टरला पहिल्या मिनिटाला कळायला हवं. हृदयाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाकडे अशी काहीतरी गोळी असते, म्हणून हा मुद्दा मी कोणालाही सोडू देत नाही.

तातडीने पॅनेलबाहेरच्या इस्पितळात भरती करावं लागलं तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. पॉलिक्लिनिकचा नंबर म्हणूनच त्या पानावर हवा, आणि कळवायची जबाबदारी घरातल्या कोणाची हे आधीच ठरलेलं हवं.

फसवणूक

'तुमचं ईसीएचएस कार्ड आज बंद होणार', 'आभा अपडेट करा' असे फोन येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, येते. ती उघडली तर बँक खातं रिकामं होऊ शकतं. कोणतंही सरकारी कार्यालय फोनवर ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच तर तासाभराची वाट न पाहता 1930 वर फोन करा. आभाबद्दल शंका असेल तर 14477 ही मदतवाहिनी आहे. आणि शेजारचा मुलगा कितीही चांगला असला तरी फोनचा पिन आणि आधारचे ओटीपी त्याच्या हाती देऊ नका. त्याला शेजारी बसवा, आकडे स्वतः दाबा.

घरातल्या बाईचं आभा

हे सगळं बाबांच्या नावाने होतं आणि आईची फाईल पिशवीतच राहते. पत्नीचं आभा वेगळं काढावं लागतं. एकाच मोबाईल नंबरावर दोघांची चालतात. तिची ईसीएचएस पात्रता वेगळी तपासा, तिच्या कागदांचं वेगळं फोल्डर करा. डिजिलॉकरचा आणि फोनचा पिन तिला माहीत असू द्या, आणि मेडिकल बोर्डाची पीडीएफ कुठे आहे हे तिला दाखवून ठेवा. पती गेल्यावर विशेष कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मृत्यूचं कारण नोकरीतल्या आजाराशी जोडून दाखवायची वेळ येते, तेव्हा तोच कागद तिच्या बाजूने बोलतो. वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवांच्या घरी हे काम बहुतेक वेळा कोणी करून दिलेलं नसतं. वाडीत अशी घरं असतील तर मिरगाआधी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी काढा. फोन, चार्जर आणि हवाबंद डबा सोबत न्या, आणि त्या वहिनींना स्वतःला बटणं दाबू द्या.